कोयनेचें पाणी : अपुऱ्या पावसाच्या वर्षाचा हिशेब

अंकगणिताच्या जुन्या पुस्तकांत हौदाचीं उदाहरणें असत. एका हौदास एक नळ भरणारा आणि दोन नळ रिकामे करणारे. तर हौद किती वेळांत भरेल, अथवा किती वेळांत आटेल, असा प्रश्न असे. मुलें तें उदाहरण सोडवीत आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पडताळून पाहत. सह्याद्रीच्या माथ्यावर असाच एक प्रचंड हौद आहे. त्याला भरणारा नळ वर्षांतून चारच महिने चालतो. रिकामे करणारे नळ दोन आहेत. त्यांपैकीं एक पूर्वेकडे उघडतो, दुसरा पश्चिमेकडे. या हौदाचें नांव कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय. पाऊस चांगला झाला तर हें उदाहरण कोणासही सुटतें. पाऊस अपुरा झाला म्हणजे मात्र त्याचें उत्तर कोणत्याही पानावर छापलेलें सांपडत नाहीं. तें माणसांना आपसांत ठरवावें लागतें. आणि तें केव्हां ठरवावें, हाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या स्थळाची ओळख करून घेणें जरूर आहे. कोयना नदी महाबळेश्वरीं उगम पावते. सह्याद्रीच्या इतर पूर्ववाहिनी नद्यांप्रमाणें ती लगेच पूर्वेकडे वळत नाहीं. डोंगराच्या कण्याला समांतर अशी ती बरेंच अंतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिच्या पाणलोटांत वर्षाकाठीं सुमारें पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सव्वाशें-दीडशें किलोमीटर पूर्वेस आटपाडी व जत हे तालुके आहेत. तेथें पांचशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झाला तरी शेतकरी समाधान मानतो. डोंगराच्या एका बाजूस दसपट पाऊस आणि दुसऱ्या बाजूस त्याची सावली, अशी ही निसर्गाची वांटणी आहे. धरणाच्या पाण्याविषयींचा सर्व वाद या वांटणींतून निघतो.

धरणाच्या कामास १९५४ सालीं प्रारंभ झाला आणि १९६२ सालीं पहिली वीज निघाली. प्रारंभीं जलाशयाची क्षमता ९८.७७ अब्ज घनफूट होती. पुढें दरवाजांची उंची वाढविल्यावर ती १०५.२५ अब्ज घनफूट झाली. अब्ज घनफूट म्हणजेच वृत्तपत्रांतून रोज वाचावयास मिळणारा ‘टीएमसी’. हा शब्द सर्वांच्या तोंडीं असला, तरी त्याचें परिमाण फारच थोड्यांच्या डोळ्यांपुढें असतें. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारें २,८३२ कोटी लिटर पाणी. दर माणशीं दररोज शंभर लिटर धरले, तर एवढें पाणी सुमारें पावणेआठ लाख माणसांस वर्षभर पुरेल. धरणाच्या पातळीचा आंकडा वाचतांना हें प्रमाण मनांत असूं द्यावें. दशांश चिन्हापुढील एक आंकडा बदलला कीं एका मध्यम शहराच्या कित्येक महिन्यांच्या पाण्याचा फरक पडतो.

आतां पश्चिमेकडील नळ पाहूं. जलाशयाचें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून कोंकणच्या बाजूस नेलें आहे. सह्याद्री त्या बाजूस भिंतीसारखा तुटलेला आहे. पाणी सुमारें पावणेपांचशें मीटर खालीं कोसळतें आणि पोफळी परिसरांतील भूगर्भांत कोरलेल्या वीजगृहांचीं चक्रें फिरवितें. तेंच पाणी पुढें कोळकेवाडीच्या धरणांत अडवून पुन्हां एकदां विजेसाठीं वापरतात. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची शक्ति १,९०० मेगावॉटच्या वर आहे. त्यांतील १,००० मेगावॉट एकट्या चौथ्या टप्प्याचे आहेत. एक अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे सोडलें, तर सुमारें चार कोटी युनिट वीज मिळते. तेवढेंच पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहांतून पूर्वेकडे सोडलें, तर त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा हातीं लागतो. केवळ विजेच्या दृष्टीनें पाहिलें, तर पाणी पश्चिमेकडेच गेलें पाहिजे, असें कोणीही म्हणेल.

परंतु पश्चिमेस गेलेलें पाणी कृष्णेच्या खोऱ्यास कायमचें मुकतें. वाशिष्ठी नदींतून तें अरबी समुद्रास मिळतें. वाटेंत चिपळूणच्या परिसरास त्याचा उपयोग होतो हें खरें, परंतु बहुतेक भाग समुद्राचा. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निवाड्यानें या वळविण्यास मर्यादा घातली. कोयनेंतून एका जलवर्षांत ६७.५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी खोऱ्याबाहेर नेऊं नये, अशी ती मर्यादा आहे. जलवर्ष १ जूनला सुरू होतें आणि ३१ मेला संपतें. तेव्हांपासून पश्चिमेच्या वांट्याचा विचार या आंकड्यावरच होत आला आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. निवाड्यानें ठरविली ती कमाल मर्यादा होय. तेवढें पाणी दरवर्षीं वापरलेंच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाहीं. चांगल्या वर्षांच्या संवयीमुळें मर्यादेलाच हक्क समजण्याची चूक होते, आणि अपुऱ्या पावसाच्या वर्षीं ती महाग पडते.

पूर्वेकडील नळ दिसावयास लहान आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचीं दोन्हीं यंत्रें चालू असतां नदींत दर सेकंदास २,१०० घनफूट पाणी पडतें. या वेगानें एक अब्ज घनफूट पाणी सोडण्यास साडेपांच दिवस लागतात. तें कोयनेंतून कृष्णेंत आणि कृष्णेंतून कऱ्हाड, सांगली, मिरज असें खालीं जातें. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना हेंच पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें वर चढवून आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत या अवर्षणाच्या मुलखांत नेतात. उन्हाळ्यांत कृष्णा वाहते ती मुख्यत्वें कोयना व वारणा या धरणांतील पाण्यावर. नदीकांठचा ऊंस, गांवोगांवच्या पाणीयोजना आणि दूरच्या माळावरील डाळिंबाची बाग, हीं सर्व एकाच धारेकडे डोळे लावून बसलेलीं असतात.

या धारेचें महत्त्व २०१६ च्या एप्रिलमध्यें सर्व देशाला कळलें. त्या सुमारास लातूर शहराचें पाणी आटलें होतें, आणि मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी नेलें. पुढें पन्नास वाघिणींच्या गाडींतून एका खेपेस पंचवीस लाख लिटर जाऊं लागलें. गाडी स्थानकांत शिरतांना लोकांच्या डोळ्यांत पाणी आलें असल्यास नवल नाहीं. परंतु हिशेब असा आहे कीं, पंचवीस लाख लिटर पाणी कोयनेच्या पायथ्याशीं अवघ्या बेचाळीस सेकंदांत वाहून जातें. एका अब्ज घनफुटांत अशा अकरा हजारांहून अधिक गाड्या भरतील. मिरजेस नदींत पाणी होतें म्हणून गाडी भरतां आली. नदीच कोरडी असती, तर रेल्वे, वाघिणी आणि माणसांची धडपड हीं सर्व व्यर्थ गेलीं असतीं.

ज्या वर्षीं धरण भरून वाहतें, त्या वर्षीं दोन्हीं बाजूंचें भागतें आणि कोणी कोणाचा हिशेब मागत नाहीं. परंतु २०१५ सालीं देशांतील मोसमी पाऊस सरासरीच्या शेंकडा ८६ इतकाच झाला, आणि त्यापूर्वींचें वर्षही तुटीचेंच होतें. २०२३ चा ऑगस्ट महिना तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर सर्वांत कोरडा ठरला. या दोन्हीं वर्षीं कोयना धरण पूर्ण भरलें नाहीं. २०२३ च्या उत्तरार्धांत सांगलीकडे कृष्णेचें पात्र आटल्याच्या तक्रारी उठल्या आणि धरणांतून पाणी केव्हां व किती सोडावें, यावरून जिल्ह्याजिल्ह्यांत शब्दाला शब्द लागला.

अशा वेळीं धरण सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्यें धरण कांठोकांठ भरून ठेवावें, तर एखाद्या अतिवृष्टींत पाणी एकदम सोडावें लागून खालच्या गांवांना धोका होतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर सांगली-कोल्हापुरांतील लोक विसरलेले नाहींत. म्हणून पावसाळ्यांत कोणत्या तारखेस पाणी कोणत्या पातळीपर्यंत ठेवावें, याचा आराखडा केलेला असतो आणि पुरासाठीं जागा मोकळी राखली जाते. पण जागा राखली आणि पुढचा पाऊस आलाच नाहीं, तर ती मोकळीच राहते. त्याच माणसांना ऑगस्टांत “पाणी कां अडविलें?” म्हणून विचारतात आणि एप्रिलांत “पाणी कां सोडलें?” म्हणून. पाऊस कोणाच्याही हातीं नाहीं. पाऊस संपल्यानंतरचे आठ महिने मात्र माणसांच्या हातांत असतात, आणि खरी जबाबदारी तेथेंच सुरू होते.

ती जबाबदारी ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होते. पाऊस सरल्यावर, साधारणतः १५ ऑक्टोबरचा साठा प्रमाण धरून पुढील वर्षाचें पाणीवांटप ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. कालवा सल्लागार समितींत रब्बीच्या व उन्हाळ्याच्या पाळ्या ठरतात. अपुऱ्या वर्षाची फसवणूक नेमकी या तारखेसच होते. ऑक्टोबरांत डोंगर हिरवे असतात, ओढे वाहत असतात आणि जलाशय डोळ्यांना भरलेलाच दिसतो. तूट कागदावर असते, दृष्टीस पडत नाहीं. म्हणून कपातीचा कटु निर्णय पुढें ढकलला जातो, आणि पुढें ढकलल्यानें तो अधिक कटु होतो.

हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एखाद्या वर्षीं १५ ऑक्टोबरला धरणांत ८५ अब्ज घनफूट पाणी आहे. त्यांतील ५ मृत साठा म्हणून वगळले. पुढील पाऊस लांबल्यास हातीं असावे म्हणून आणखी ५ राखून ठेविले. उरले ७५. समजा, पश्चिमेकडील विजेचे पावसाळ्यांत २० वापरून झाले आहेत. म्हणजे मर्यादेपर्यंत ४७.५ ची मागणी उरली. पूर्वेची मागणी ३६ धरूं आणि बाष्पीभवनाचे ४ धरूं. एकूण मागणी ८७.५ झाली, म्हणजे तूट १२.५ अब्ज घनफुटांची. ही तूट १५ ऑक्टोबरलाच मान्य केली आणि १५ जूनपर्यंतच्या २४३ दिवसांवर वांटली, तर दररोज पांच कोटी घनफुटांच्या किंचित् वर पाणी वांचवावें लागेल. निर्णय १ मार्चवर ढकलला, तर उरतात १०६ दिवस, आणि रोजची कपात पावणेबारा कोटी घनफुटांवर जाते. तूट तीच, ओझें मात्र दुपटीहून अधिक झालें. शिवाय ऑक्टोबरांत शेतकऱ्यास पीक बदलण्याची संधि असते. मार्चमध्यें पीक शेतांत उभें असतें आणि त्यांत त्याचें कर्ज गुंतलेलें असतें.

ही तूट प्रथम कोणी सोसावी? पिण्याचें पाणी सर्वांत आधीं, हा क्रम राज्याच्या जलनीतींतही मान्य झालेला आहे. त्यानंतर शेती आणि वीज यांचा प्रश्न येतो. वीज कोळशापासून होते, वाऱ्यापासून होते, सूर्यापासून होते आणि प्रसंगीं विकतही घेतां येते. जतच्या माळावरील जनावराच्या तोंडीं लावण्यास दुसरी नदी कोठून विकत आणणार? ज्या वस्तूला पर्याय आहे, तिनें पर्याय नसलेल्या वस्तूसाठीं वाट सोडावी, हा न्याय कोणासही पटण्यासारखा आहे. म्हणून अपुऱ्या वर्षीं पहिली कात्री पश्चिमेच्या वांट्यास लागली, तर तें योग्यच होय.

तथापि येथेंही अविचार नको. “कोयनेची वीज बंद करा” ही घोषणा टाळ्या मिळविते, परंतु ती पूर्ण विचाराची नाहीं. संध्याकाळीं घरोघरीं दिवे लागतात आणि विजेची मागणी एकाएकीं वाढते, तेव्हां कोयनेचीं चक्रें कांहीं मिनिटांत पूर्ण भार घेऊं शकतात. कोळशाच्या केंद्रांस तें साधत नाहीं. शिवाय टेंभू-म्हैसाळचे पंप विजेवरच चालतात. पूर्वेचें पाणी डोंगरावर चढवावयाचें तें विजेच्याच बळावर. तेव्हां वीज विरुद्ध पाणी असा सरळ सामना येथें नाहीं. दिवसा सूर्याची वीज उपलब्ध होऊं लागली आहे. तिचा लाभ घेऊन कोयनेचें पाणी केवळ गर्दीच्या वेळेपुरतें राखावें, तास कमी करावेत, चक्रें बंद करूं नयेत. वाशिष्ठीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या कोंकणांतील वस्तीसही कपातीची सूचना आगाऊ मिळावी. तीं माणसेंही याच राज्याचीं आहेत.

पश्चिमेनें सोडलेलें पाणी पूर्वेच्या टोंकापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हा यापुढचा प्रश्न. पात्र एकदां कोरडें पडलें कीं पहिलें पाणी वाळू पिते. नंतर तें डोहांत आणि बंधाऱ्यांत अडतें. वाटेंत दोन्हीं तीरांवरील पंप तें उचलतात. वरचा शेतकरी आधीं घेतो आणि खालच्यास उरेल तें मिळतें. धरणांतून मोजून दिलेलें पाणी आणि शेवटच्या गांवीं मोजून घेतलेलें पाणी यांत मोठी तफावत पडते. म्हणून अपुऱ्या वर्षीं पाणी पाळीनें, ठरल्या तारखेस, पुरेशा जोरानें आणि सलग सोडावें. त्या दिवसांत वरच्या भागांतील उपशावर नियंत्रण ठेवावें. आणि उसाखालीं नवें क्षेत्र आणण्यापूर्वीं पाण्याचा ताळेबंद शेतकऱ्यापुढें ठेवावा. पश्चिमेस वीज कमी करून वांचविलेलें पाणी नदीकांठच्या वाढीव उसांत जिरलें, तर वीजही गेली आणि जतची तहानही तशीच राहिली, असें होईल.

आगाऊ ठरविलेल्या नियमाचें महत्त्व शेजारच्या गोदावरी खोऱ्यांत दिसून येतें. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरचीं धरणें आणि मराठवाड्यांतील जायकवाडी यांच्यांत पाण्यावरून दीर्घकाळ वाद आहे. तेथें असें ठरलें कीं, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा शेंकडा ६५ हून कमी असेल, तर वरच्या धरणांनीं सूत्राप्रमाणें खालीं पाणी द्यावें. २०२३ सालीं या रीतीनें सुमारें ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्या सूत्रावरही भांडणें झालीं व होतात. तरी वाद झाला तो आंकड्यांवर आणि ठराविक तारखेस झाला. कोणाचा मोर्चा मोठा, यावर सर्व सोडून देण्यापेक्षां हें बरें. कोयनेच्या बाबतींतही तुटीच्या प्रत्येक पायरीस कोणाचा वांटा किती घटेल, हें चांगल्या वर्षींच लिहून ठेवावें. घरांत धान्य भरपूर असतांना ठरविलेली वांटणी भावाभावांस मान्य होते. तीच कणगीचा तळ दिसूं लागल्यावर करावयास गेलें, तर चूल वेगळी होते.

कोणी म्हणतील, विज्ञान इतकें पुढें गेलें आहे, मग ही काटकसर कशाला? कोयनेवर विज्ञानानें खरोखरच मोठे पराक्रम केले आहेत. जलाशय रिकामा न करतां त्याच्या तळाशीं बोगद्याचें तोंड स्फोटानें उघडण्याचें अवघड काम तेथें १९९९ आणि २०१२ सालीं यशस्वी झालें. दुसऱ्या वेळेमुळें अधिक खालच्या पातळीवरचें पाणीही वीजनिर्मितीस घेतां येऊं लागलें. परंतु हौदाचा नळ खालीं बसविल्यानें हौदांत एक थेंबही अधिक येत नाहीं. तळापर्यंत उपसण्याची सोय झाली म्हणजे तळापर्यंत उपसण्याचा मोहही वाढतो. जितकी सोय अधिक, तितका संयम अधिक हवा.

या हिशेबांत आणखी एक रकाना आहे, आणि तो बहुधा रिकामाच सोडला जातो. या जलाशयाखालीं गांवें गेलीं. तेथील माणसांनीं आपलीं घरें, देवळें आणि पिकते वाफे सोडले. कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशकें रेंगाळत राहिले. वीज मुंबईपर्यंत गेली आणि पाणी सांगलीपुढें गेलें, तें त्यांच्या चुलींवरून गेलें. या पाण्याचा अपव्यय झाला, किंवा वेळीं निर्णय न घेतल्यानें तें भलत्या जागीं गेलें, तर त्यांचा त्याग व्यर्थ गेला, असेंच म्हणावें लागेल.

तेव्हां मागणी फार मोठी नाहीं. दरवर्षीं १५ ऑक्टोबरला धरणांत पाणी किती, पश्चिमेस किती जाणार, पूर्वेस किती येणार, राखीव किती आणि तूट किती, एवढा पांच ओळींचा तक्ता खोऱ्यांतील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, आणि महिन्याच्या महिन्यास तो बदलला जावा. पाटणच्या शेतकऱ्यास तो दिसावा, जतच्या शेतकऱ्यास दिसावा आणि चिपळूणच्या नागरिकासही दिसावा. ज्यास ऑक्टोबरांत तूट कळली, तो आपल्या शेताचा आणि घराचा मार्ग काढतो. ज्यास ती मेमध्यें कळते, त्याला टँकरची वाट पाहण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.